चौथ्या भिडूची कॉफी

रेनातोने कॉफीचा इवलासा कप मनोहरपंतांच्या पुढ्यात ठेवलाच नाही. तो कप घेऊन तो काउंटरबाहेर आला, कोपऱ्यातील गोल टेबलावर रिकाम्या खुर्चीसमोर त्याने तो ठेवला आणि मग वळून मनोहरपंतांना हाताने खूण केली.

मास्ट्रिख्ट या डच शहरातल्या या इटालियन बारमध्ये मनोहरपंत हिवाळाभर रोज दुपारी येत होते, ते वस्तुतः याच खुणेच्या आशेने. मुलगा आणि सून सकाळीच आपापल्या कामावर जात. नातू शाळेतून येई, आजोबांनी मराठीत विचारलेल्याला डचमध्ये उत्तर देई आणि आपल्या खोलीत जाई. दिवसभर घरात आवाज असे तो फक्त हीटरचा.

बारमध्ये निदान माणसे तरी होती. परंतु तिथली रीत कॉफी उभ्यानेच घेण्याची. दोन-तीन घोटांत कप रिता करायचा, आणि कप रिता झाला की मनुष्यानेही निघायचे. मनोहरपंत ते तीन घोट पुरवून पुरवून पीत. तेवढ्या अवधीत रेनातो मोडक्या इंग्रजीत त्यांना आपल्या यंत्राची कुळकथा ऐकवी. पूर्वीच्या वाफेच्या यंत्राची कॉफी कशी करपट लागे, आणि महायुद्धानंतर दांडा ओढण्याचे यंत्र आले तेव्हा कॉफीवरचा तो सोनेरी फेस पाहून गिऱ्हाइकांना ती नासलेली कशी वाटली, हे सांगताना तो दर वेळी नव्याने हसे. मनोहरपंतही नव्याने हसत.

बसून राहण्याचा मान होता तो केवळ गोल टेबलावरील चौघा वृद्धांना. तरुणपणी ते इटलीहून या भागातल्या कोळशाच्या खाणींत आले होते. खाणी बंद पडल्या, हे राहिले. रोज चौघांचा पत्त्यांचा डाव रंगे. त्यांच्यातला आल्दो नुकताच कायमचा आपल्या गावी परतला, आणि डाव थंडावला. मनोहरपंतांनी तो खेळ निव्वळ पाहून पाहून आत्मसात केला होता. त्या रिकाम्या खुर्चीवाचून त्यांच्या मनात अलीकडे दुसरा विचार नव्हता.

"या, सिन्योर," रेनातो म्हणाला. "आज कॉफी माझ्याकडून. बसा यांच्यात."

पिएत्रो नावाचा टकला म्हातारा पत्ते पिसता पिसता खोकत म्हणाला, "बसवा त्याला एकदाचा. हिवाळाभर माझ्या खांद्यावरून माझे पत्ते वाचतोय. समोर बसला तर मी एखादा डाव जिंकेन तरी."

बाकीचे दोघे खो खो हसले. मनोहरपंतही हसले, आणि त्यांच्या तोंडून शब्द गेले, "नको, नको. राहू द्या. कशाला उगीच."

यात नकार यत्किंचितही नव्हता. पहिल्याच बोलावण्याला पाटावर जाऊन बसणारा पाहुणा अधाशी ठरतो, हे त्यांच्या अंगी लहानपणापासून मुरलेले. यजमानाने म्हणायचे, असे कसे. पाहुण्याने म्हणायचे, अहो, आत्ताच चहा घेतला. मग यजमानाने हाताला धरायचे, आणि पाहुण्याने नाइलाजाने बसायचे. मनोहरपंतांनी बसण्याच्या तयारीने गळ्याचा मफलरसुद्धा सैल केला. ते पाऊलभर पुढेही सरले.

"ओके," रेनातो म्हणाला.

त्याच्या स्वरात राग नव्हता की खंत नव्हती. त्याने तो कप पिएत्रोपुढे सरकवला. पिएत्रोने खांदे उडवले, गठ्ठ्यातून एक पत्ता काढून बाजूला टाकला, म्हणजे तिघांत वाटणी बरोबर बसावी, आणि पाने वाटली. डाव सुरू झाला.

रेनातो काउंटरमागे आला. त्याने दांडा ओढला, मनोहरपंतांची नेहमीची कॉफी त्यांच्यापुढे ठेवली, आणि पेले पुसत सहज बोलू लागला.

"तिकडे इटलीत, उदिनेला, माझ्या बापाचा बार होता. तो एकेकाला तीन-तीनदा विचारायचा. घे रे, बस रे, माझी शपथ. मीही इथे आल्यावर तसेच करायचो. लोक चिडायचे. एकदा नाही म्हटलेले कळत नाही का, म्हणायचे. चाळीस वर्षांत शिकलो. आता मी एकदाच विचारतो. नाही म्हणजे नाही. सोपे पडते, नाही का?"

मनोहरपंतांच्या मनात आले, सांगावे याला. तुझ्या बापासारखा मला एकदा आग्रह करून पाहा, म्हणावे. शब्द इंग्रजीत जुळलेदेखील. पण आपणहोऊन आग्रह मागायचा तो कोणत्या तोंडाने?

"होय," ते म्हणाले. "फार सोयीची पद्धत आहे."

मफलर त्यांनी पुन्हा गुंडाळला. कॉफी त्यांनी थेंबाथेंबाने संपवली, आणि ती संपल्यावरही रिता कप ओठांशी नेत राहिले. टेबलावर पिएत्रोने हुकूम मारला आणि तिघे एकदमच कडाकडा भांडू लागले. चूक कोणाची होती, ते मनोहरपंतांना इथून स्वच्छ दिसत होते.

रेनातो फडके घेऊन त्यांच्यासमोर थांबला. त्याने टेबलाकडे एकवार पाहिले, मग मनोहरपंतांकडे पाहिले, आणि विचारण्यासाठी तोंड उघडले.

या खेपेस मनोहरपंतांनी उशीर केला नाही. प्रश्न पुरा होण्याच्या आत ते म्हणाले, "हो."

"झाली ना?" एवढेच रेनातोला विचारायचे होते. त्याने मान डोलावली, त्यांचा कप उचलला आणि त्याखालची जागा पुसून घेतली.