चार वेढे

टोरंटोला निघालेली सात महिन्यांची शाल्मली पुणे विमानतळावर आईच्या, मुक्ताच्या, खांद्यावर गाढ झोपली होती.

"गुणी आहे हो बाळ," शेजारचे गृहस्थ म्हणाले. "नाहीतर हल्लीची पोरं विमान डोक्यावर घेतात."

मंदाकिनीबाई सुनेच्या कानाशी लागल्या. "गुटीत जायफळाचे चार वेढे जास्त उगाळले मी. एवढा लांबचा प्रवास, लोकांना त्रास नको गं."

निनादचा चेहरा उतरला. "आई, अगं टॅक्सीत मीही तिला झोपेचं औषध पाजलंय."

दारात मरून पडलेल्या घुशीकडे बघावं, तसं मुक्ताने त्या मायलेकांकडे पाहिलं.

"डॉक्टर शोध," ती नवऱ्याला एवढंच म्हणाली.

तिने शाल्मलीच्या तळपायावर टिचकी मारली. मग दुसरी. तिसरी जोरात मारली, तरी मान लुळीच. चौथीला मात्र शाल्मलीने असा टाहो फोडला, की सगळे प्रवासी वळून बघू लागले.

"अहो बाई, आवरा तिला!" गृहस्थांनी कानांवर हात ठेवले.

मुक्ताने डोळे पुसले आणि पाचवी टिचकी मारली.