आतली कडी

वर्गात जितकी पोरं होती, तितके ठिपके पडद्यावर होते. पहिल्या दिवशी प्रत्येकाने नळीत थुंकून दिलं होतं, त्याचा हा निकाल. माणसामाणसांत रक्ताने किती फरक असतो, हे शिकवणारा हा परदेशातला उन्हाळी वर्ग. पोरं जगभरातून आलेली, म्हणून ठिपकेही चहूकडे विखुरलेले. बाईंनी बटण दाबलं. दोन ठिपक्यांच्या मध्ये लाल रेघ उमटली.

“अरे वा,” बाई हसल्या. “दोन भाऊ बसलेत वर्गात आणि मला पत्ताच नाही. बाप तरी एक आहे, नाहीतर आई. चुलतभाऊ असते तर याच्या निम्मंच जुळलं असतं. कोण ते? हात वर करा.”

ठिपक्यांना नावं नव्हती, नुसते आकडे. ज्याचा आकडा त्यालाच ठाऊक. कुणाचा हात वर गेला नाही. शेवटच्या बाकावरच्या दोघांनी तर हात मांडीखाली दाबून धरले.

एका घरातून एकालाच प्रवेश, असा नियम होता. म्हणून थोरला आणि धाकटा इथे एकमेकांना ओळखही दाखवत नव्हते. दोघं सख्ख्या भावांची पोरं, एकाच घरात वाढलेली. नातं लपवून आले आणि रक्त तपासणाऱ्या वर्गात नळीत थुंकून बसले. एवढी यांची अक्कल.

चहाची सुट्टी झाली. पोरं बाहेर पडली तसं थोरल्याने धाकट्याचं मानगूट पकडलं आणि त्याला नमुने ठेवायच्या थंड खोलीत ढकललं. दार जाडजूड. आतला आवाज बाहेर जात नव्हता.

“तुझी आई,” थोरला म्हणाला.

“तुझी का नसेल?”

थोरल्याने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. धाकट्याचं डोकं मागच्या फळीवर आदळलं.

“माझ्या आईचं नाव घेतलंस तर जीभ उपटीन. काकूच तसली. तिनेच पप्पांना नादी लावलं. थांब, पप्पांनाच फोन लावतो. आजच्या आज घराबाहेर काढतील तिला. आणि तुझ्या बापाला कळू दे, मग बघ.”

“दादा, फोन ठेव.”

“का? भ्यालास?”

भ्यालाच होता. भाजीत केस निघाला म्हणून त्याच्या बापाने आईचं मनगट मोडलं होतं. हे कळल्यावर तो मनगटावर थांबणार नव्हता.

थोरल्याने फोन लावला. धाकट्याने नळ्यांचा लोखंडी स्टँड उचलला आणि दोन्ही हातांनी त्याच्या जबड्यावर हाणला. काहीतरी कडकन मोडलं. थोरला पडला, फोन पडला, नळ्या घरंगळत सगळीकडे गेल्या. धाकटा त्याच्या छातीवर बसला आणि मारत सुटला. नाकावर, डोळ्यावर, जिथे बसेल तिथे. थोरल्याने खालून त्याचा गळा धरला होता.

मारता मारता धाकट्याला कडी दिसत होती. आईच्या खोलीला आतून दोन कड्या होत्या. दुसरी तिने स्वतःच्या हाताने खिळे ठोकून बसवली होती. बाप रात्रपाळीला गेला की ती दोन्ही लावायची. उंदीर येतात, म्हणायची. लहानपणी त्याला हसू यायचं. उंदीर काय कडी काढून आत येतात होय?

“काय रे, कसली धडपड चाललीय?” खालून आवाज आला. फोन लागला होता. थोरल्याच्या बापाचा चेहरा पडद्यावर उलटा दिसत होता. “अभ्यासाला पाठवलंय की कुस्त्या खेळायला?”

धाकट्याने फोन उचलला. त्याच्या बोटांवरचं रक्त काचेला लागलं.

“मोठे काका, माझ्या आईच्या खोलीला आतून दोन कड्या का आहेत?”

कसल्या कड्या, असं त्याने विचारायला हवं होतं. वेड लागलंय का, म्हणायला हवं होतं. तो यातलं काहीच बोलला नाही. त्याचा चेहरा पडद्याजवळ आला.

“हळू बोल,” तो म्हणाला.

पडद्यावर भिंत सरकली, दार आलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

“हं. आता बोल. तिनेच सांगितलं ना तुला? बघतोच तिच्याकडे.”

गळ्यावरची पकड सैल झाली. थोरल्याने धाकट्याला बाजूला लोटलं आणि त्याच्या हातातून फोन काढून घेतला. बापाच्या तोंडाकडे क्षणभर बघितलं. मग फोन जमिनीवर ठेवून त्याच लोखंडी स्टँडने ठेचला. काचेचा भुगा झाला तरी ठेचत राहिला.

दार उघडलं. बाई उभ्या होत्या. पांढऱ्या फरशीवर रक्त, नळ्या, काचा.

“तुम्ही दोघं? ती लाल रेघ तुमचीच का? कोण आहात तुम्ही एकमेकांचे?”

“कोणी नाही,” थोरला म्हणाला. तोंड रक्ताने भरल्यामुळे शब्द ओले येत होते. “रेघ खोटी आहे. त्याच्या नळीत मीही थोडं थुंकलो होतो, भेसळ झाली. गंमत म्हणून. त्याला कळलं, त्याने मारलं.”

धाकट्याने तोंड उघडलं. थोरल्याने त्याच्या पावलावर बूट ठेवला आणि सगळं वजन टाकलं.

बाईंनी पायाशी घरंगळत आलेली एक नळी उचलली. मग म्हणाल्या, “अशा माणसाला मी वर्गात ठेवू शकत नाही. उद्याच्या विमानाने घरी जायचं तू.”

थोरल्याने सुटलेला दात तळहातावर थुंकला, बघितला आणि खिशात टाकला.

“आजचं बघा ना,” तो म्हणाला. “घरी काम आहे.”