स्प्रिंग बदलायची वेळ

"थांब, तुझी स्प्रिंग गेलीय," दातांची डॉक्टरीण नेमबाजीच्या शेजारच्या खणात डोकावत म्हणाली.

टपालवालीनं पिस्तूल खाली ठेवलं. अंतिम फेरीला वीस मिनिटं उरली होती आणि हे सांगत होती तिची एकमेव तोडीस तोड प्रतिस्पर्धी. "काल साफ केलंय. ठणठणीत आहे."

"ठणठणीत असतं तर रिकाम्या पुंगळ्या उडून माझ्या पायाशी आल्या नसत्या. पूर्वी तुझ्या बाकाशेजारीच पडायच्या. किती गोळ्या झाल्या या स्प्रिंगवर?"

"मोजतंय कोण!"

मागे बसलेली डॉक्टरणीची थोरली बहीण तटकन उठली. धाकटीचा दंड धरून तिनं तिला बाजूला ओढलं.

"अक्कल गहाण टाकलीस का? तिचं पिस्तूल अडकलं तर अडकू दे! आयतं पदरात पडतंय आणि तू..."

"ताई, तू बस बरं."

दोघींची पिस्तुलं एकाच बनावटीची. डॉक्टरणीनं आपल्या पेटीतली कोरी स्प्रिंग काढून दिली. टपालवालीनं जुनी काढून नवीच्या शेजारी धरली. दिसायला दोन्ही चकचकीत, पण जुनी चांगली पेरभर आखूड भरली. तिचा चेहरा उतरला. ती नवी बसवू लागली.

मग जी जुंपली, ती जुंपलीच. दोन्ही पिस्तुलांच्या वरच्या सरकत्या स्लाइड खटाखट मागे जात होत्या, खटाखट पुढे येत होत्या. एकही गोळी अडली नाही. एक गोळी उरली तेव्हा दोघी बरोबरीत होत्या. ताईनं डोळे घट्ट मिटून घेतले. डॉक्टरणीचं मनगट भरून आलं होतं. तिनं श्वास रोखला आणि चाप ओढला.

टपालवालीला नऊ. डॉक्टरणीला दहा!

सगळं सभागृह उठून उभं राहिलं. ताई तर खुर्चीवरच चढली. टपालवालीनं येऊन डॉक्टरणीला कडकडून मिठी मारली.

"वेडी आहेस तू. स्प्रिंग दिली नसतीस तर हसत हसत जिंकली असतीस."

डॉक्टरणीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि हसू काही आवरत नव्हतं.

"तशी गेल्या वर्षी जिंकले की! तुझं पिस्तूल अडकलं, तू गोळ्यांना दोष दिलास आणि चषक माझ्या घरी आला. वर्षभर तो कुणाला दाखवावासा वाटला नाही गं मला."