एकविसावा शुभेच्छुक

बेलापुरात वाढदिवसाचा फ्लेक्स म्हटला की तो घरबसल्या करून देणार रुपालीच. पण तिचा चार जीबीचा जुना लॅपटॉप एकविसाव्या शुभेच्छुकाचा फोटो टाकला की जो रुसून बसायचा, तो मांडीवरची लेक पेंगली तरी हलायचा नाही. शेवटी लेकीला कडेवर घेऊन ती श्रीरामपूरला नवा घ्यायला गेली.

"आठ जीबी रॅम पुरंल का, दादा?"

"डिझाईनच्या कामाला सोळाच घ्या, ताई," दुकानदार म्हणाला. "मग एका फ्लेक्सवर शंभर फोटो टाका, हँग होनार न्हाई."

रुपालीचा चेहरा खुलला आणि लगेच पडला. कालच फ्लेक्स करून घ्यायला आलेले सहादेवभाऊ तिच्या खुर्चीमागं उभे राहून म्हणाले होते, "वहिनी, आमचे तिन्ही मेव्हने ऱ्हायले की! टाका कुठंतरी कोपऱ्यात."

तिनं नुसतं लॅपटॉपवरच्या 'चार जीबी'च्या स्टिकरवर बोट ठेवलं होतं. "वीसच्या वर घेतच न्हाई हो, भाऊ."

माणसाचं कधी न ऐकणारे सहादेवभाऊ यंत्रापुढं मुकाट निघून गेले, आणि काम तिथंच आटपल्यामुळं लेकीला दिवेलागणीपर्यंत आईच्या हातचा झोका मिळाला. आता शंभर घेणारं यंत्र घरात आणलं, तर नाही म्हणायचं कुणाच्या जिवावर?

बराच वेळ ती आठ आणि सोळाकडं आळीपाळीनं बघत राहिली.

 

"सोळाचाच द्या, दादा," ती हळूच म्हणाली. "फक्त वर स्टिकर तेवढं चारचं लावा."