दम्याचं यंत्र

दारू पिऊन गाडी चालवली म्हणून माझं लायसन्स गेलं. मग इथल्या अमेरिकन कोर्टाने मोठ्या मनाने ते अर्धंमुर्धं परत दिलं. घर ते ऑफिस, ऑफिस ते घर, बास. वर गाडीत एक नळी बसवली. तिच्यात फुंकायचं, श्वासात दारू नसली तरच गाडी सुरू होणार. बायको आठ वर्षं दारातच माझं तोंड हुंगायची, तिला निदान बॅटरी लागत नव्हती.

साताऱ्याहून आलेल्या आईला मी सांगून टाकलं, "दम्यासाठी आहे. डॉक्टरांनी दिलंय." बिचारी हळहळली. रोज सकाळी गाडीपर्यंत यायची आणि मी फुंकताना असं बघायची, जणू पोरगा आरतीला शंखच वाजवतोय.

आज निघताना तिने दोन चमचे काळसर औषध पुढे केलं. "घे, छातीला बरं." मी गुणी बाळासारखं गिळलं आणि फुंकलं. यंत्र बोंबललं. गाडी ढिम्म. ही नोंद आता थेट कोर्टात जाणार!

"आई, काय पाजलंस मला?"

"द्राक्षासव."

"अगं, त्यात दारू असते!"

"ठाऊक आहे." तिने बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "तुझे बाबा रोज रात्री 'आसव घेतलंय' म्हणायचे, तेव्हा मी गप्प बसले. म्हटलं, या खेपेला बघू तरी, दम्याचं यंत्र आसवाला ओरडतं का ते."