दुसऱ्या पार्टातली खुर्ची

"पयलाच बरा होता," कवडू म्हणाला आणि त्यानं रिमोट मांडीवर ठेवला.

"कावून पण? बताओ ना," मोनाली म्हणाली.

कोहका वस्तीतल्या घरात सकाळचे साडेदहा वाजले होते. कवडूला सेकंड शिफ्टला निघायला अजून वेळ होता. टीव्हीवर खेळाच्या दुसऱ्या पार्टातलं, अंतराळातलं एक जहाज चाललं होतं, मागं डोंगर नाही, पुढं नदी नाही, नुसती निळी धूळ. बाप-लेक दिवाणावर मांडीला मांडी लावून बसले होते. दोघांचे दोन वेगळे रिमोट.

पहिल्या पार्टाला एकच रिमोट लागायचा. तीन वर्षं तो या हातातून त्या हातात फिरला. लढाई आली की मोनाली, जहाज हाकायचं आलं की कवडू. कवडूनं आता कारणं सांगितली. तिथं इंजिन आधी तापवावं लागायचं. एकेका खलाशाजवळ जाऊन बसावं लागायचं, जेवला का, झोपला का, तेव्हा कुठं तो मनातलं बोलायचा. मेला की कायमचा मेला, मग दोन दिवस घास गोड लागायचा नाही. इथं दुसऱ्यात ग्रह चाळीस, रंग मोरपिसाचे, अन् खलाशी न विचारताच बडबडतात.

"मरून राहिले, लगेच उठून राहिले. याईची काळजी कोण करन?"

मोनाली भांडली. दुसऱ्यात नकाशा मोठा आहे, गोष्ट मोठी आहे, जहाज अडकून पडत नाही. खरं कारण तिनं सांगितलंच नाही. ते फक्त स्वयंपाकघरातल्या रुक्माला, तिच्या आईला, ठाऊक होतं. मंगळवारी मोनाली नोकरीवर पुण्याला चालली होती. दुसरा पार्ट दोन गावांतून दोघांना मिळून खेळता येत होता. पहिला येत नव्हता. फोनवर कवडू दोन शब्दांपुढं जात नसे. बापाला हा खेळ आवडला नाही, तर तीन वर्षांचं बसणं मंगळवारी गाडी हलली की सरणार होतं. सांगितलं असतं तर तो खेळलाही असता, पण सोयऱ्याच्या घरी बसावं तसा, अंग चोरून.

तिनं आणखी एक मोहीम लावली. दोघांनी छोट्या होडीत बसून खालच्या ग्रहावर उतरायचं होतं. पडद्यावरची मोनाली पळत होडीत जाऊन बसली. पडद्यावरचा कवडू चालकाच्या खुर्चीवरून उठेना.

"बाबा, चला ना."

"कोणाले देऊन येऊ?"

ऑटोवर टाका, तिनं सांगितलं, जहाज आपोआप चालते. कवडूनं मान हलवली. एकतीस वर्षं तो कारखान्यात क्रेनवर होता. खाली उकळत्या पोलादानं भरलेलं लेडलचं अवाढव्य भांडं, वर खुर्चीत तो. पुढच्या पाळीचा माणूस शिडी चढून आल्याशिवाय त्यानं ती खुर्ची कधी सोडली नव्हती. तो रिलीव्हर आला नाही तर डबल पाळी केली होती. मोनालीचं नामकरण अशाच एका डबलमुळं त्याच्याविना झालं होतं.

पडद्यावर घड्याळ उलटं पळत होतं. चार मिनिटं, तीन मिनिटं. रुक्मानं दारातून डोकावून टोमणा मारला, "खेळातलं जहाज हाये जी ते, उठा ना."

खेळातलं असो, त्यात पाचशे माणसं झोपली आहेत, असं कवडूनं तिला सांगितलं आणि तो जागचा हलला नाही. पहिल्या पार्टातही एकदा तो असाच अर्धा तास बसला होता. शेवटी मोनालीनं त्याच्या हातातून रिमोट घेऊन त्याला उठवलं होतं. त्या दिवशी तो जेवताना कोणाशी बोलला नव्हता.

मोनालीला रडू आलं, मग हसू आलं. तिनं होडीचं दार उघडलं. पडद्यावरची मोनाली उतरली, लांबच लांब बोळ धावत गेली, शिडी चढली आणि खुर्चीशेजारी येऊन उभी राहिली. समोर ओळ आली, ताबा घ्यायचा का. तिनं बटण दाबलं.

कवडू सावरून बसला. टीव्हीकडं बघतच त्यानं चार्ज दिला.

"डावं इंजिन गरम होऊन राहिलं, जोर नको देजो. उजवीकून दोन दगड येऊन राहिले. बाकी ओके."

"घेतला चार्ज," मोनाली म्हणाली.

तेव्हा पडद्यावरचा कवडू उठला. तो शिडी उतरेपर्यंत वेळ संपली, मोहीम फसली, लाल अक्षरं आली. कवडूला त्याचं काहीच वाटलं नाही. तो मोनालीकडं बघत होता.

"पयल्या पार्टमदी कोणी येतच नव्हतं."

मग मोनालीनं सांगितलं. पुण्याहूनही असंच येता येतं. नेट असलं की झालं.

कवडूनं तिच्या ऑफिसची वेळ विचारली, सुट्टीचे वार विचारले. उठून भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेला. रुक्मा त्यावर त्याच्या पाळ्या मांडून ठेवायची. त्यानं पेन्सिल घेतली. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळी, सेकंडच्या आठवड्यात रविवारी सकाळी, एकेका चौकोनात तो 'मो' लिहीत गेला. पान उलटलं, पुढचा महिना लिहिला, त्याच्या पुढचाही.

रुक्मा पिठाच्या हातानं मागं येऊन उभी राहिली. दसऱ्याजवळचे फर्स्ट शिफ्टचे चार चौकोन मात्र कोरे होते. इथं विसरलात, ती म्हणाली.

कवडूनं पेन्सिल खिशात घातली.

"तवा पोरगी घरी राहाते," तो म्हणाला. "ते दिवस पयल्या पार्टचे."