मी बघून घेतो

"सावकाश चाल की गं. टेकडी काय पळून जाते?" शेषगिरी खालून म्हणाला.

विमला थांबली नाही. वैशाखातलं ऊन सकाळी आठलाच चटके देत होतं, पायाखालचा मुरूम घसरत होता, आणि तिला ते बरंच वाटत होतं. रागावलेल्या माणसाला सपाट रस्ता सोसत नाही.

लग्न परवावर आलं होतं. अशा वेळी मुलीनं उंबरा ओलांडायचा नाही, असा घरात दंडक. पण "मामाबरोबर उणकलच्या टेकडीवर जाऊन येते," म्हटल्यावर आई चक्क हसली. पिशवीत बेसनाचे लाडू घालून म्हणाली, "जा. नीट बोलून घ्या." एवढ्या आनंदानं तिनं विमलाला कॉलेजात कधी पाठवलं नव्हतं.

शेषगिरी हा आईचा धाकटा भाऊ. आईबाप गेले तेव्हा आठ वर्षांचा होता. विमलाच्या आईनं, कृष्णाबाईनं, त्याला धारवाडला, आपल्या सासरी आणून वाढवलं. आता तिशी ओलांडलेली, हुबळीच्या एका शाळेत गणिताचा मास्तर. गेले पंधरा दिवस तो धारवाडला फिरकला नव्हता. परीक्षेचे पेपर तपासायचे होते म्हणे.

विमला पाच वर्षांची असल्यापासून तो तिला या टेकडीवर आणत असे. माथ्यावरच्या अरुंद वाटेनं हात धरून चालवायचा, खालचं तळं दाखवायचा, रेल्वेचे डबे मोजायला लावायचा. एकदा वर्गातल्या कुणीतरी तिची वेणी ओढली, तेव्हा तो इथंच म्हणाला होता, "कुणी त्रास दिला तर मला सांगायचं. मी बघून घेतो." आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन त्यानं खरंच बघून घेतलं होतं.

कॉलेजचा फॉर्मही त्यानंच भरला. ते कॉलेज आता दुसऱ्याच वर्षाला सुटणार होतं.

माथ्यावर वारा होता. खाली तळं आटत आलं होतं. काठच्या चिखलात म्हशी बसल्या होत्या.

"मामा, मी सांगायला आलेय," विमला म्हणाली. "मला एक माणूस त्रास देतोय."

शेषगिरीनं टोपी काढून घाम पुसला. "विमला, हे बघ..."

"त्याचं नाव घेणार नाही मी. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, कालच आईनं शिकवलंय."

"वाईट नाही गं तो माणूस."

"चांगल्या माणसानं विचारलं असतं. म्हैस घेणारासुद्धा गोठ्यात येऊन तिच्यासमोर उभा राहतो. याची माझ्यासमोर यायची छाती झाली नाही. घरातल्यांनी ठरवलं, यानं मान हलवली. झालं!"

शेषगिरी एका दगडावर टेकला. ती मात्र उभीच राहिली.

घरात तिच्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं. तिचे अप्पा, विठ्ठलराव, मूळचे साताऱ्याकडचे. त्यांना हे लग्न पसंत नव्हतं. "तुझ्या माहेरी चालत असेल, आमच्यात असं करत नाहीत," एवढंच आईला म्हणाले, दोन दिवस जेवले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी भाकरीचं ताट पुढं ओढलं. छप्पन साली धारवाड मैसूर राज्यात गेलं तेव्हा महिनाभर त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. मुलगी जाताना मात्र त्यांना दोन दिवसच पुरले.

"तू म्हणाला होतास, बघून घेतो," विमला म्हणाली. "मग बघून घे. त्यानं नाही म्हटलं की लग्न मोडतं. म्हणायला लाव त्याला."

"त्याला तसं म्हणता येत नाही."

"का? जीभ नाही?"

"उपकार आहेत त्याच्यावर. मोठ्यांचे. मुलगी लांब जाऊ नये, चांगल्या घरी पडावी, एवढंच मागितलं त्यांनी. नाही कसं म्हणणार?"

"मग उपकार त्यानं फेडावेत! जन्मभर पाणी भरावं त्यांच्या दारात. त्याच्या उपकाराच्या फेडीत माझा जीव कशाला घालतो?"

"साकु, विमला. पुरे." चिडला की तो कानडीवर यायचा. "तुला वाटतं, त्याला झोप येते?"

"न येऊ दे! मेलं कुणाला पडलंय!"

तिनं आईची पिशवी उचलली आणि उतारावर भिरकावली. लाडू खडकांवरून उड्या घेत खाली गेले. चरणारी एक शेळी लगबगीनं तिकडं धावली. कुणाचं तरी तोंड गोड झालं.

शेषगिरीनं टोपी डोक्यावर ठेवली. मग गुडघ्यावर हात देऊन उठला. या पंधरा दिवसांत तो चांगलाच वाळला होता. दुसरी कुठली वेळ असती तर विमलाला त्याची दया आली असती.

"चल," तो म्हणाला. "ऊन वाढलं. अक्का वाट बघत असेल."

"एक सांग, मग येते."

"काय?"

लहानपणी धरायची तसा तिनं त्याचा हात धरला.

"परवा गुरुजी हाक देतील, 'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं.' तेव्हा तू अंतरपाटाच्या पलीकडे मुंडावळ्या बांधून उभा असशील. मग मला घेऊन यायला कोण येणार रे, मामा?"